कॅन्सरमुळे पित्तनलिका बंद झाली, डॉक्टरांनी स्टेंट सांगितला: घरच्यांनी काय पाहायचं, काय विचारायचं

साठी ओलांडलेल्या माणसाला पोटात फारसं न दुखता कावीळ झाली, अंगभर खाज सुटली, लघवी गडद पिवळी आणि शौच पांढुरकी होऊ लागली, तर तिला साधी कावीळ समजून घरी बसू नका. आपल्याकडे गावोगावी कावीळ 'उतरवून' देणारे अजून आहेत. हाताला चुना चोळायचा, पाणी पिवळं पडलं की कावीळ उतरली. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लागलेला असेल तर चुन्याने पाणी पिवळं पडणारच, मग समोरचा ठणठणीत असला तरी. या उतरवण्यात आणि काढ्यांत दोन-तीन आठवडे जातात. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप ओसरते, म्हणून या उपायांना यश मिळाल्यासारखं वाटतं. पण पित्ताची वाटच बंद झाली असेल तर ती काढ्याने उघडत नाही. ती कुठे बंद झाली आहे हे सोनोग्राफीत बहुतेकदा लगेच कळतं.

हा लेख पुढच्या टप्प्यासाठी आहे. गाठ आहे, पित्तनलिका दाबली गेली आहे, आणि डॉक्टर म्हणतात, 'स्टेंट टाकावा लागेल.' स्टेंट म्हणजे दाबलेली वाट उघडी ठेवण्यासाठी आत बसवायची छोटी नळी किंवा जाळी. त्या क्षणी घरच्यांना वाटतं की आता सही करायची आणि थांबायचं. खरं तर स्टेंट टाकणं अनुभवी हातात तासाभराचं काम आहे. त्याच्या आधी कोणत्या क्रमाने काय झालं आणि नंतर कोण लक्ष ठेवतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

आधी रिपोर्ट वाचायला शिका

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते यकृतातल्या बारीक शाखांतून उजव्या आणि डाव्या नळीत येतं. या दोन नळ्या यकृताच्या दाराशी एकत्र होतात. पुढे पित्ताशयाची नळी येऊन मिळते, मग मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून खाली उतरते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ड्युओडेनममध्ये उघडते. या वाटेवर कुठेही गाठ झाली की मागे पित्त तुंबतं.

अडथळा वर आहे की खाली, यावर पुढचे जवळजवळ सगळे निर्णय ठरतात. सोनोग्राफीच्या कागदावर 'आयएचबीआर डायलेटेड' म्हणजे यकृतातल्या शाखा फुगल्या आहेत. 'सीबीडी १४ एमएम' म्हणजे मुख्य पित्तनलिका फुगली आहे. एरवी ती साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. सोबत 'जीबी डिस्टेंडेड' लिहिलं असेल, म्हणजे पित्ताशयही फुगलेलं असेल, तर अडथळा बहुधा खाली आहे: स्वादुपिंडाचं डोकं, नळीचं तोंड किंवा नळीचा खालचा भाग. उलट, फक्त यकृतातल्या शाखा फुगलेल्या आणि मुख्य नळी नेहमीएवढी असेल, तर अडथळा यकृताच्या दाराशी असण्याची शक्यता मोठी. रिपोर्टमध्ये त्याला 'हायलर' म्हणतात. पित्ताशयाचा कॅन्सर, जो उत्तरेत गंगेच्या खोऱ्यात खूप दिसतो, तो वर पसरून बऱ्याचदा इथेच अडवतो. तिथल्याच पित्तनलिकेच्या कॅन्सरला क्लॅटस्किन ट्यूमर असं नाव आहे.

खालच्या अडथळ्याला बहुतेकदा एक स्टेंट पुरतो. वरचा अडथळा फार किचकट असतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

स्टेंटच्या आधी सीटी

ही पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते, म्हणून ठळक सांगतो. कावीळ वाढलेली पाहून घाईघाईने आधी स्टेंट टाकला जातो आणि सीटी नंतर केला जातो. तोवर नळीत परकी वस्तू बसलेली असते, आजूबाजूला सूज असते, आणि क्वचित प्रक्रियेमुळे स्वादुपिंडालाही सूज आलेली असते. मग गाठ नेमकी केवढी आहे, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का, हे धड दिसत नाही. ऑपरेशन होईल की नाही याचा निर्णय त्याच चित्रावर असतो.

म्हणून कॉन्ट्रास्ट (चित्रात नळ्या आणि रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध) देऊन केलेला, स्वादुपिंडासाठीच्या खास पद्धतीचा सीटी आधी. अडथळा वर असेल तर त्यासोबत एमआरसीपी. एमआरसीपीत सुई नाही, दुर्बीण नाही. एमआरआयच्या यंत्रात पित्तनलिकांचा पूर्ण नकाशा निघतो. अपवाद एकच: थंडी वाजून ताप आला असेल, बीपी पडत असेल, माणूस बरळू लागला असेल, तर पित्तात जंतुसंसर्ग झाला आहे आणि वाट मोकळी करणं तातडीचं आहे. तेव्हा नकाशासाठी थांबत नाहीत.

सर्जनने पाहिलं का?

दुसरा प्रश्न: गाठ काढता येण्यासारखी आहे का, आणि ऑपरेशन किती दिवसांत होणार आहे? याचं उत्तर 'होय, आठवडाभरात' असं असेल तर बऱ्याच पेशंटना स्टेंट लागतच नाही.

हे ऐकून घरचे चक्रावतात, कारण 'आधी कावीळ उतरवू, मग ऑपरेशन करू' हे ऐकायला सरळ वाटतं. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २०० पेशंट होते. थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, आधी स्टेंट टाकून मग ऑपरेशन केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना. त्या अभ्यासात प्लास्टिकचे स्टेंट होते, आणि बिलिरुबिन (कावीळ किती आहे हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) साधारण १५ च्या वर गेलेले पेशंट घेतलेले नव्हते. त्यामुळे तो सगळ्यांना तसाच्या तसा लागू होत नाही. पण 'ऑपरेशनआधी सर्रास स्टेंट' ही सवय त्यानंतर बरीच मोडली.

ऑपरेशनआधी स्टेंट लागतो तो अशा वेळी: पित्तात संसर्ग झाला आहे, बिलिरुबिन फारच वर गेलं आहे, खाजेने झोप उडाली आहे, ऑपरेशनआधी केमो द्यायची आहे, किंवा तारीखच लांबची मिळाली आहे. शेवटचं कारण वैद्यकीय नाही, तरी आपल्याकडे ते फार खरं आहे.

गाठ कॅन्सरचीच आहे याचा पुरावा

पित्तनलिका दाबणारी प्रत्येक गोष्ट कॅन्सर नसते. अडकलेला खडा, क्षयाच्या गाठी, स्वादुपिंडाची एक स्वयंप्रतिकार सूज (आयजीजी-४ ही तपासणी त्यासाठी असते) हेही तसंच दिसू शकतं. त्या सुजेवर स्टिरॉइडने गाठ विरघळते. म्हणून तुकडा घेणं महत्त्वाचं. आजकाल ते काम एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने, म्हणजे पोटात उतरवलेल्या दुर्बिणीच्या टोकाच्या सोनोग्राफीने, उत्तम होतं. स्टेंट टाकताना नळीत ब्रश फिरवूनही पेशी घेतात, पण त्यात कॅन्सर असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येण्याचं प्रमाण मोठं आहे. ब्रश निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटू नका.

सीए १९-९ या, कॅन्सरचा अंदाज घेण्यासाठी करतात त्या रक्ततपासणीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: निव्वळ पित्त तुंबल्यामुळेही तो आकडा चढतो. कावीळ उतरल्यावरचा आकडा जास्त भरवशाचा.

प्लास्टिक की जाळी

दुर्बिणीतून पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी ठेवण्याची पद्धत १९७९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये निब सोहेंद्रा यांनी मांडली. त्याआधी पोट उघडून बायपास करणं किंवा यकृतात बाहेरून सुई घालणं एवढेच पर्याय होते. धातूची जाळी पुढच्या दशकाच्या अखेरीस आली.

प्लास्टिकची नेहमीची नळी '१० फ्रेंच'ची असते, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाड. ती स्वस्त आहे, सहज काढता-बदलता येते. दोष एकच: आत जंतूंचा थर आणि गाळ बसतो आणि साधारण तीन महिन्यांत ती तुंबते.

धातूची जाळी बारीक नळीत मिटवलेली आत जाते आणि जागेवर सोडली की छत्रीसारखी उघडते. पूर्ण उघडल्यावर तिचा व्यास ८ ते १० मिलिमीटर होतो; याला एक-दोन दिवस लागतात, आणि त्या काळात वरच्या पोटात ओढल्यासारखं दुखू शकतं. ती बऱ्याचदा सहा महिने किंवा त्याहून जास्त चालते. किंमत मात्र प्लास्टिकच्या कित्येक पट.

जाळीतही दोन प्रकार. उघडी जाळी नळीच्या भिंतीत रुतते, त्यामुळे सहसा सरकत नाही. पण गाठ तिच्या छिद्रांतून आत वाढू शकते आणि ती नंतर काढता येत नाही. आवरण असलेली जाळी काढता येते, गाठ आत शिरायला अडचण होते. पण ती सरकू शकते. म्हणून तुकड्याचा रिपोर्ट हातात नसेल तर उघडी जाळी टाकू नये हा सर्वमान्य नियम आहे. हे विचारायला कचरू नका.

खर्चाचा हिशेब करताना फक्त आजचं बिल पाहू नका. प्लास्टिक टाकलं तर दर तीन महिन्यांनी पुन्हा प्रक्रिया, पुन्हा भूल, पुन्हा ॲडमिशन. खालचा अडथळा असेल आणि पेशंट तीन-चार महिन्यांहून जास्त जगेल असा डॉक्टरांचा अंदाज असेल, तर जाळी शेवटी महाग पडत नाही आणि त्रासही वाचतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात असाल तर आरोग्यमित्राला आधीच विचारा: प्रक्रिया बसते का, आणि स्टेंट कोणता बसतो. मेडिक्लेम असेल तर पूर्वमंजुरीच्या कागदावर स्टेंटचा प्रकार स्पष्ट लिहून घ्या.

प्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत

पित्त आतड्यात पोचत नाही तेव्हा के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून पीटी-आयएनआर ही तपासणी होते, आणि आकडा वाढलेला असेल तर व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देतात. प्लेटलेट आणि किडनीच्या तपासण्याही होतात.

डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पेसमेकर, कॉन्ट्रास्टची पूर्वी आलेली ॲलर्जी, पोटावर झालेलं जुनं ऑपरेशन. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाची क्लोपिडोग्रेल घरच्या घरी बंद करू नका. किती दिवस थांबवायची की मुळीच नाही, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. डायबेटिस असेल (स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तो कधी कधी नव्यानेच उपटतो) तर उपाशी दिवशी इन्शुलिन किती घ्यायचं हे लिहून घ्या. खाणं साधारण सहा ते आठ तास आधी बंद.

आत काय होतं

प्रक्रियेचं नाव ईआरसीपी. पेशंटला पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवतात, झोपेचं औषध देतात. तोंडातून एक बाजूने पाहणारी दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत नेतात. तिथे पित्तनलिकेचं तोंड छोट्या उंचवट्यासारखं दिसतं. त्यात बारीक तार घालून ती अडथळ्यापलीकडे सरकवणं, हे सगळ्यात कसबाचं काम. तार पार गेली की थोडा कॉन्ट्रास्ट, एक्स-रेवर खात्री, आणि तारेवरून स्टेंट. तुंबलेलं गडद पित्त भळभळ बाहेर येताना पडद्यावर दिसतं.

धोके सहीच्या कागदावर असतात, पण ते समजून सही करा. सर्वांत नेहमीचा म्हणजे स्वादुपिंडाला सूज, साधारण शंभरात तीन ते दहा जणांना. ती टाळण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची गोळी, देतात. पेशंटला ती चालत असेल तर दिली का, एवढं विचारा. रक्तस्राव, संसर्ग आणि आतड्याला छिद्र हे त्याहून कमी वेळा होतात.

वरच्या अडथळ्यात गणित बदलतं. तिथे डावी, उजवी आणि त्यांच्या शाखा एकमेकींपासून तुटलेल्या असू शकतात. एकाच भागात स्टेंट टाकून कावीळ बऱ्याचदा पुरेशी उतरत नाही. यकृताचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा व्हावा असा प्रयत्न असतो, आणि त्यासाठी दोन-तीन स्टेंट लागू शकतात. त्याहून महत्त्वाचं: ज्या शाखेत कॉन्ट्रास्ट गेला पण स्टेंट बसला नाही, तिथे संसर्गाचा धोका मोठा असतो. एमआरसीपी आधी करायचा तो यासाठी. अशी केस रोज हे काम करणाऱ्या केंद्रात नेणं, लांब पडलं तरी, फायद्याचं.

दुर्बिणीतून जमलं नाही तर: पोटाबाहेरची पिशवी

गाठीने आतडंच अडवलं असेल, जुन्या ऑपरेशनने रस्ता बदललेला असेल किंवा अडथळा फार वर असेल, तर रेडिऑलॉजिस्ट बरगड्यांमधून सुई घालून थेट यकृतातल्या नळीत कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, ठेवतात; तिच्यातून पित्त बाहेरच्या पिशवीत येतं. याला पीटीबीडी म्हणतात. काही मोठ्या केंद्रांत एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या मदतीने आतड्यातून किंवा जठरातून थेट पित्तनलिकेत स्टेंट टाकतात. तेव्हा पिशवी लागत नाही. तो पर्याय आहे का, विचारून पाहा.

पिशवी घेऊन घरी आलात तर पुढची शिस्त लागते. पिशवी कायम कमरेच्या खाली. रोज किती पित्त आलं ते मोजून वहीत. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हा, सांगितलं असेल तेवढंच (बहुधा ५ ते १० मिली) निर्जंतुक सलाइन हळू आत सोडायचं, सिरिंजने मागे खेचायचं नाही. आत जायला अडलं तर जोर लावू नका, थांबा आणि फोन करा. रोज लिटरभर पित्त बाहेर जात असेल तर शरीरातलं मीठ-पाणीही जातं. ओआरएस किती द्यायचं ते ठरवून घ्या. टाक्याची जागा कोरडी, आंघोळीला त्यावर प्लास्टिक. नळीवरची खूण किंवा बाहेरची लांबी बदललेली दिसली तर ती सरकली आहे. टोपण लावून पित्त आतल्या आत सोडायला सांगितलं असेल आणि ताप आला, तर टोपण उघडून पिशवी जोडा आणि दवाखाना गाठा.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी पोटात जोरात आणि सतत दुखलं, पाठीत कळ गेली, उलट्या झाल्या, काळी शौच झाली किंवा ताप आला, तर घरी येण्याची घाई करू नका. आला असाल तर परत जा.

बिलिरुबिन एका रात्रीत उतरत नाही. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ते निम्म्यावर आलं तर काम छान चाललं आहे. पूर्ण खाली यायला महिना-दीड महिना लागू शकतो, जुनी कावीळ असेल तर जास्तही. शौचाचा रंग आधी परततो, डोळ्यांचा पिवळेपणा शेवटी जातो. केमो कधी सुरू होणार हे याच आकड्यावर ठरतं, कारण काही औषधं यकृतातून बाहेर पडतात. आकडा खाली येतच नसेल तर 'वाट पाहू' म्हणत महिना घालवू नका; स्टेंट सरकला का, पुरेसा भाग मोकळा झाला का, हे पुन्हा पाहायला सांगा.

खाज आठवड्याभरात बरीच कमी होते. कोलेस्टिरामिनची पूड खाजेवर देतात, पण पित्त आतड्यात येतच नसेल तेव्हा तिचा काही उपयोग नाही. आणि ती घेत असाल तर बाकीच्या गोळ्यांत काही तासांचं अंतर ठेवा.

जेवणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कावीळ म्हणून हळद बंद, तेल बंद, तूप बंद, नुसता उसाचा रस आणि मऊ भात, असा जो आहार घराघरांत सुरू होतो, त्याने या पेशंटचं वजन आणखी घटतं. हळदीने कावीळ वाढत नाही. स्टेंट चालू झाल्यावर थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा, अंडी, मासे, डाळी, दूध-दही, पचेल तेवढं तूप चालतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल आणि शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल, तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवणाच्या सुरुवातीला आणि मध्ये घ्यायच्या, जेवण झाल्यावर नाही. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी घरात किंवा धर्मामुळे हा प्रश्न येऊ शकतो, म्हणून आधीच बोलून घ्या.

ताप म्हणजे स्टेंट

स्टेंट असलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप आला, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो तुंबलेल्या स्टेंटचा ताप समजायचा. कावीळ पुन्हा दिसायची वाट पाहू नका, ती बऱ्याचदा मागून येते. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका. केमो चालू असेल तर आणखी घाई, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना हा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू करतात आणि स्टेंट बदलतात किंवा जाळीतून दुसरा स्टेंट घालतात. नुसत्या अँटिबायोटिकवर घरी पाठवलं आणि स्टेंटचं काही केलं नाही, तर ताप बहुधा परत येतो.

रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो: स्टेंट कोणता, कधी टाकला? माझ्या मावशीच्या वेळी चार नातेवाईक हजर होते आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं. फाईल गावी होती. स्टेंटच्या खोक्यावर एक स्टिकर असतो, त्यावर प्रकार, लांबी, व्यास छापलेला असतो. तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवा. एमआरआय करायची वेळ आली तरी हाच फोटो लागतो. प्लास्टिकचा असेल तर बदलायची तारीख त्याच दिवशी कालनिर्णयवर गोल करा. पेशंटला बरं वाटू लागतं, खाज जाते, आणि तीन महिने कधी उलटले कळत नाही. विसरलेले स्टेंट सर्रास सापडतात.

न टाकण्याचाही पर्याय

आजार शेवटच्या टप्प्यात असेल, यकृतभर गाठी असतील, पेशंट दिवसचा बहुतेक वेळ झोपून असेल, तर स्टेंटने आयुष्य फारसं वाढत नाही आणि प्रक्रियेचा त्रास मात्र नक्की असतो. कावीळ आहे पण खाज नाही, ताप नाही, केमो द्यायची नाही, अशा वेळी 'स्टेंटने आता नेमकं काय साधेल?' असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. खाजेवर सर्ट्रालिन, रिफाम्पिसिनसारखी औषधं डॉक्टर देऊ शकतात, वेदनेवर मॉर्फीन आहे, आणि पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजाराचा त्रास कमी करण्याचं काम करणारे, डॉक्टर या दोन्हीचा अनुभव रोज घेतात. त्यांची भेट स्टेंटच्या आधीच, शक्यतो त्याच ॲडमिशनमध्ये, मागून घ्या.